चाळीस गुंठ्यांत एक खोली

बाबा २०२२च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा आमच्या घरी आले. दुसऱ्याच दिवशी पहाटे परसात उतरले आणि चालत सुटले. हात पाठीमागे, मान खाली, पावलं मोजून. आयुष्यभर त्यांनी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढलेलं, वाई-कोरेगावच्या शिवारात साखळी आणि प्लेन टेबल घेऊन. चहाला आत आले आणि म्हणाले, "चाळीस गुंठे सांगितले होतेस ना? मला कमी वाटतंय."

मी हसले. घर घेतलं तेव्हाच्या जाहिरातीत 'साधारण एक एकर' असं होतं आणि एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, यात वाद कसला? पण पुढची दोन-अडीच वर्षं आम्ही त्या 'साधारण'चीच किंमत मोजत होतो.

आमचं गाव कॅलिफोर्नियात, सँटा क्लारा खोऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या नगरपालिकेच्या खिडकीवर पुन्हा कधी तरी जावं लागणार. १९५०च्या दशकात इथे प्रून आणि जर्दाळूच्या बागा होत्या आणि सॅन होजे शहर आजूबाजूची जमीन गिळत निघालं होतं. आपलाही घास होईल या भीतीने वस्त्यांनी एकामागून एक स्वतःचीच नगरपालिका काढली. कुपर्टिनो १९५५, सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स १९५६, माँटे सेरेनो १९५७. लॉस आल्टोस हिल्समध्ये तर प्लॉट एक एकराहून लहान असूच नये, हा गावाचा पायाच. आमचा विभाग आर-१-४०,०००. म्हणजे एका प्लॉटवर एका कुटुंबाचं एक घर आणि प्लॉट किमान ४०,००० चौरस फुटांचा. घर २०१८ साली घेतलं तेव्हा हे वाचलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. पुण्यात कोथरूडला गॅलरीतून हात लांबवला तर शेजारच्यांचं वाळत घातलेलं धुणं हाताला लागायचं. तिथून आल्यावर चारी बाजूंनी मोकळी जागा, हे चैनीचं वाटलं होतं.

आम्हाला हवी होती एक खोली. आईचे गुडघे गेलेले, सगळ्या झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. दोघांची ग्रीन कार्डं आली होती, ती दोघं आता इथेच राहणार होती. खाली एक खोली आणि धरायला दांडे असलेलं न्हाणीघर, बस्स. गॅरेज बदलून घ्या, असं काहींनी सुचवलं. पण आईबाबांना गॅरेजमध्ये ठेवायचं हे नवऱ्याच्या गळी उतरेना आणि माझ्याही नाही. चाळीस गुंठे असताना?

नियोजन खात्याच्या खिडकीवरचा मुलगा अतिशय सौजन्याने बोलला. आधी मोजणी करून आणा, म्हणाला. खासगी सर्व्हेअरने साडेसहा हजार डॉलर घेतले. बाबांनी मनातल्या मनात रुपये केले आणि त्या दिवशी जेवताना फारसं बोलले नाहीत. पण मोजणीच्या दिवशी सर्व्हेअरच्या मागे मागे फिरले, त्याच्या यंत्राची चौकशी केली आणि त्याने कोपऱ्यांत लोखंडी सळया ठोकून वर खुणेची टोपी बसवली तेव्हा पहिल्यांदा समाधानाने हसले. "हद्द कायम झाली," म्हणाले.

नकाशा आला आणि बाबांचं बरोबर निघालं. प्लॉट १५० फूट रुंद आणि २८५ फूट लांब, म्हणजे ४२,७५० चौरस फूट. एकोणचाळीस गुंठे आणि वर थोडं. एकराला तेवढं कमी. पण खरी गोम पुढे होती. आमच्या जुन्या खरेदीखतात हद्द रस्त्याच्या मध्यरेषेपर्यंत आहे. रस्त्याखालची २० फुटांची पट्टी कागदावर आमची, वापर गावाचा. नियमासाठी ती धरत नाहीत. ३,००० फूट वजा. उरले ३९,७५०.

"पोटखराबा," बाबा म्हणाले.

मी वकिलाशी बोलले होते, वास्तुविशारदाशी बोलले होते, अर्धा दिवस गावाची नियमसंहिता वाचली होती. ही ढोबळ-निव्वळ भानगड इतक्या नेमकेपणाने मला कुणीच सांगितली नव्हती. सातबाऱ्यावर लागवडीला न येणारं क्षेत्र वेगळं काढतात तसंच हे. फरक इतकाच, की आमच्या पोटखराब्याने आम्हाला ४०,०००च्या खाली ढकललं होतं. अडीचशे फुटांनी. म्हणजे आमचा प्लॉट आमच्याच विभागाच्या नियमात बसत नव्हता. नियम येण्याआधी पडलेला म्हणून चालवून घेतलेला. त्याने घर काही पाडावं लागत नाही, पण प्रत्येक अर्जावर तो शेरा बरोबर येतो, शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मखुणेसारखा.

मग सोडायच्या जागा. समोर ३० फूट, दोन्ही बाजूंना २०-२०, मागे ५०. हे वजा केल्यावर बांधता येईल असा चौकोन उरला ११० बाय १८५. निम्मी जमीन गेली. उरलेल्या निम्म्यात आधी घर. घराच्या पश्चिमेला जुना ओक. त्याचं खोड जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात आणि ठरलेल्या मापाहून जाड निघालं की ते संरक्षित. फांद्यांच्या घेराखाली पाया खणायला मनाई. घरामागे शोषखड्ड्याचे चर, कारण आमच्या गल्लीत गटाराची लाइन नाही. हो, सिलिकन व्हॅलीत. त्या चरांशेजारी पुन्हा तेवढीच जागा राखीव, जुने चर निकामी झाले तर नवे घालायला. उरली पूर्वेची बाजू, आणि तिकडे घराची भिंत बरोबर २० फुटांवर उभी.

खोलीला १४ फूट हवे होते. म्हणजे हद्दीपासून सहाच फूट उरणार. त्यासाठी सूट मागायची, सुनावणी होणार.

सुनावणीच्या आधी एक गोष्ट घडली. जमिनीवर कुणाकुणाचे हक्क आहेत हे बघायला टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीहक्क तपासून देणाऱ्या कंपनीकडून, जुनी कागदपत्रं मागवली होती. विजेच्या तारांचा हक्क, पाण्याच्या नळाचा हक्क. सगळ्यात तळाला १९४७ सालचं, प्लॉट पाडले तेव्हाचं अटींचं पत्र. त्यावर शिक्का होता, की यात वंश, धर्म वगैरेवरून काही अट असेल तर ती बेकायदेशीर आणि रद्दबातल समजावी. शिक्का का मारलाय हे पाहायला आत वाचलं. कोंबड्या पाळू नयेत. घराचा खर्च अमुक रकमेच्या खाली नसावा. आणि श्वेतवर्णीय नसलेल्या कुणीही या जागेत राहू नये, घरगडी सोडून.

बाबांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो. त्यांनी ते कलम दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे आपल्याच गटाचं आहे?"

अशा अटी कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितलं. १९६८च्या कायद्याने घर विकताना-देताना भेदभावच बंद केला. कागद मात्र राहिले. त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसले. शहराचे वंशावरून सरळ भाग पाडायचा लुईव्हिल नगरपालिकेचा नियम १९१७ साली त्याच न्यायालयाने उडवला होता. त्याच्या आदल्याच वर्षी आमच्यापासून तासाभरावरच्या बर्कलीत 'फक्त एका कुटुंबाची घरं' असा विभाग आखला गेला होता. देशातला पहिला, असं मानतात. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात न्यायालयाने असे विभाग वैध ठरवले आणि निकालपत्रात अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क बांडगूळ म्हटलं. माणसांवर बंदी घालता येत नाही म्हटल्यावर किमान क्षेत्रफळ उरतं. चाळीस हजार फूट कुणालाही नको म्हणत नाहीत. ज्याला परवडेल त्याने यावं, इतकंच. आम्हाला परवडलं होतं, म्हणून आम्ही आत.

आणि इथे एक कबुली देऊन टाकते. २०२१च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात एसबी ९ कायदा झाला. एका कुटुंबाच्या विभागातही दोन घरं बांधू द्यायची किंवा प्लॉटचे दोन तुकडे पाडू द्यायचे, सुनावणी न घेता. तुकडा मूळ प्लॉटच्या ४० टक्क्यांहून लहान नको आणि पाडणाऱ्याने तीन वर्षं तिथेच राहायचा इरादा लिहून द्यायचा, वगैरे अटी होत्या. बाबांच्या भाषेत पोटहिस्सा. गावात खळबळ उडाली. एक गृहस्थ विरोधाचा कागद घेऊन दारोदार फिरले आणि मी सही केली. विचार न करता नव्हे, करूनच. मला मोकळं आवडत होतं. पुढे २०२२च्या सुरुवातीला वुडसाइड गावाने आपला सगळा गावच डोंगरी सिंहांचा अधिवास आहे असं जाहीर करून त्या कायद्यातून अंग काढायचा प्रयत्न केला, राज्याच्या महाधिवक्त्यांनी कान उपटल्यावर मागे घेतला. तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांबरोबर हसले. सहीचं कुणाला सांगितलं नाही.

तर, सुनावणी. तिच्या आधी कित्येक आठवडे नियोजित खोलीचा सांगाडा उभा करावा लागतो: खांब रोवायचे, वर भगव्या जाळीची पट्टी ताणायची, म्हणजे शेजाऱ्यांना उंची-रुंदी दिसावी. आई सकाळी खिडकीतून पाहून म्हणाली, "मांडव कुणाचा गं?" वाऱ्यावर ती जाळी फडफडायची आणि येणारा-जाणारा गाडी हळू करून बघायचा. आजूबाजूच्या सगळ्या घरांना नोटीस गेली. आईच्या गुडघ्याची चर्चा आख्ख्या गल्लीत.

पूर्वेच्या शेजारीणबाई ऐंशीच्या घरातल्या. १९७०च्या दशकापासून इथे. आम्ही आलो त्या आठवड्यात त्यांनी कागदी पिशवीतून लिंबं आणून दिली होती आणि त्यानंतर दर हिवाळ्यात देत आल्या; आईने त्यांचं लोणचं घालून बरणी परत पाठवायला सुरुवात केली होती. त्याच बाई सुनावणीला कागद लिहून घेऊन आल्या. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. त्यांनी शांतपणे वाचलं: सहा फुटांवर भिंत म्हणजे त्यांच्या न्हाणीच्या खिडकीसमोर खिडकी, आणि या गल्लीचं एक ग्रामीण रूप आहे, ते जपायला हवं. पहिला मुद्दा मला पटला. दुसऱ्या मुद्द्याच्या वेळी मला ते १९४७चं पत्र आठवलं आणि मग लगेच माझी सही आठवली. मी गप्प बसले.

मी माझ्या तीन मिनिटांत आईबद्दल बोलले. तीच चूक. अध्यक्ष सहानुभूतीने म्हणाले, की राज्याच्या कायद्यानुसार अशी सूट जमिनीच्या वेगळेपणासाठी देता येते: आकार, चढउतार, स्थान. मालकाच्या गरजेसाठी नाही. म्हणजे अडचण जमिनीला हवी, माणसाला असून उपयोग नाही. ओक आणि चर यांच्याबद्दल मी आधी बोलायला हवं होतं. चार विरुद्ध एक मतांनी अर्ज फेटाळला. अर्ज केल्यापासून अकरा महिने झाले होते. घरी येऊन आम्ही मांडव उतरवला.

वास्तुविशारद बाईंनी दुसऱ्या आठवड्यात फोन केला. खरं तर त्या हे सुरुवातीलाच सुचवत होत्या, पण मला खोली घराला लागून हवी होती, रात्री आईने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. त्या म्हणाल्या, खोली मागूच नका. घर मागा.

गंमत अशी, की मुख्य घराची भिंत सरकवायला गाव २० फूट धरून बसतं. पण परसात वेगळं छोटं घर बांधायचं असेल तर राज्याचा कायदा गावाच्या नियमावर मात करतो. २०२०पासून तर फारच. ८०० चौरस फुटांपर्यंतचं, १६ फूट उंचीचं, बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून चार फूट सोडून बांधलेलं घर गाव अडवू शकत नाही. सुनावणी नाही, मांडव नाही, शेजाऱ्यांचं मत नाही. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत हो किंवा नाही सांगायचं. मी दोनदा विचारलं: चौदा फुटांची खोली नाही आणि आख्खं घर हो? हो.

मग आराखडा आला ७४९ चौरस फुटांचा. बाबा म्हणाले, "त्या एका फुटाने कुणाचं काय घोडं मारलंय?" कारण असं, की तेव्हा ७५०पासून गाव विकासशुल्क लावू शकत होतं, त्याखाली नाही. (शाळेचं शुल्क मात्र ५००पासूनच सुरू, ते भरलं.) या खोऱ्यात परसातली किती तरी घरं ७४९ फुटांची आहेत. एफएसआयसाठी गॅलऱ्या बंद करणाऱ्या पुण्यात वाढलेल्या मला यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

शोषखड्ड्याचं प्रकरण काउंटीच्या आरोग्य खात्याकडे. जमीन पाणी किती वेगाने पिते याची परीक्षा झाली. खड्डा खणतात, पाणी भरून ठेवतात आणि एक इंच उतरायला किती मिनिटं लागली हे घड्याळ लावून मोजतात. बाबा खुर्ची टाकून दिवसभर तिथेच. त्या तंत्रज्ञाशी त्यांची चांगली गट्टी जमली. तो त्यांना 'सर' म्हणायचा आणि दोघं मिळून खड्ड्यात बघत बसायचे. पाणी बऱ्यापैकी उतरलं. टाकी मात्र मोठी घालावी लागली.

६० दिवसांच्या घड्याळाची मेख 'पूर्ण' या शब्दात आहे. आमचा अर्ज दोनदा अपूर्ण ठरून परत आला. एकदा खिडक्यांच्या तपशिलासाठी आणि एकदा ओकभोवतीचं कुंपण नकाशावर दाखवलं नाही म्हणून. दोन्ही वेळा घड्याळ पुन्हा शून्यावर. तिसऱ्यांदा मी स्वतः खिडकीवर जाऊन त्याच सौजन्यशील मुलाकडून एकेक पान तपासून घेतलं. बावन्नाव्या दिवशी मंजुरी आली. त्याच्यासारखी माणसं वाईट नसतात. त्याच्या हातात जे पुस्तक दिलंय त्यात आईचा रकाना नाही, एवढंच.

जागा ठरवताना घरात थोडा वाद झाला. ईशान्येचा कोपरा सोडला तर पर्यायच नव्हता, पण पूर्वेच्या हद्दीपासून किती? कायदा चार फूट म्हणत होता. नवरा म्हणाला, चारच घेऊ, परसात खेळायला जागा राहील. त्या बाईंनी आपला अर्ज पाडला, आता कशाला भीड? ते चूकही नव्हतं. शिवाय त्यांचा मालमत्ता कर राज्यघटनेच्या १९७८च्या त्या प्रसिद्ध दुरुस्तीमुळे (प्रॉपोझिशन १३) जुन्या किमतीवर वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढतो. तसल्याच जमिनीवर आम्ही त्यांच्या कैक पट भरतो, हेही तो अधूनमधून बोलून दाखवतो. (त्याच दुरुस्तीचा फायदा आम्हालाही झाला: नव्या घरापुरतीच आकारणी वाढली, जुन्याची तशीच राहिली.) मी अकरा फुटांवर अडून बसले. पूर्वेच्या भिंतीला खिडकी ठेवलीच नाही, वरून फक्त झरोका. का, ते मला नीट सांगता आलं नाही. न्हाणीच्या खिडकीचा मुद्दा खरा होता, इतकंच.

पाया भरला तेव्हा बाईंनी कुंपणापलीकडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, खिडकी कुठे आहे? दक्षिणेला, मी म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या. जानेवारीत लिंबांची पिशवी नेहमीसारखी दारात होती.

शेवटची तपासणी झाली त्या दिवशी निरीक्षकाने कार्डावर सही केली. हे वेगळं विकता येईल का, याला स्वतंत्र नंबर पडणार का, असं बाबांनी मला विचारायला लावलं. पत्त्याला आकडा मिळेल, पण आमच्या गावात ते वेगळं विकता येत नाही, जमीन एकच. "म्हणजे पोटहिस्सा नाही," बाबा स्वतःशीच म्हणाले. भोगवटा प्रमाणपत्रासारखं काही मिळतं का, तेही विचारलं. कार्डाची प्रत त्यांच्या फायलीत गेली, १९४७च्या पत्राच्या प्रतीमागे.

आई त्याच आठवड्यात तिकडे राहायला गेली. हाक ऐकू येत नाही. बेल बसवली आहे.

निरीक्षक गेल्यावर बाबा टेप घेऊन बाहेर पडले. पूर्वेच्या भिंतीपासून शेजारच्या कुंपणापर्यंत मोजलं. नऊ फूट दहा इंच. मी म्हटलं, "बाबा, अकरा हवेत ना? निरीक्षकाने तर अकरा मोजले."

"त्याने सळईपासून मोजले. कुंपण चौदा इंच आपल्यात आहे. मोजणीच्या दिवशीच पाहिलं मी."

"तेव्हा बोलला नाहीत?"

आयुष्यभर बांध कोरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकलेला माणूस टेप गुंडाळत म्हणाला, "त्यांचं लिंबाचं झाड त्या चौदा इंचांत आहे."